अळीच्या पानात काय वाढले?

ज्या किडीचा नायनाट व्हावा म्हणून आपला शेतकरी कर्ज काढून औषध फवारतो, तीच कीड काही खोल्यांमध्ये पोटच्या पोरासारखी सांभाळली जाते, असे सांगितले तर बहुतेकांना ती चेष्टा वाटते. माझ्या उमेदीची बरीच वर्षे अशाच एका खोलीत गेली. सकाळी आल्याबरोबर आधी तापमान पाहायचे, ते २५ ते २७ अंशांच्या दरम्यान आहे ना याची खात्री करायची, मग काचेच्या शेकडो नळ्यांमधली एकेक अळी डोळ्यांखालून घालायची. कोण वाढली, कोण सुस्तावली, कोणाचे खाद्य सुकले, कोणाच्या नळीत बुरशी आली, याची नोंद करायची. अळीला रविवार नसतो, दिवाळीही नसते. घरी पाहुणे आले तरी आमची पहिली भूक त्या खोलीतली.

एकदा एका कापूस उत्पादक शेतकऱ्याला मी ही खोली दाखवली. त्याने सगळे नीट पाहून घेतले आणि शांतपणे विचारले, ‘साहेब, विकतचं बेसन खाऊ घालून अळ्या कशाला वाढवता? आमच्या रानात या, पोतंभर देतो. पैसेही घेणार नाही.’ सगळे हसले. मीही हसलो. पण तो प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. किडीवर खर्च होणाऱ्या सार्वजनिक पैशाचा हिशेब विचारण्याचा त्याला पूर्ण अधिकार होता आणि त्याचे उत्तर देणे हे आमचे काम होते. गेल्या काही वर्षांत कपाशीवर जे संकट कोसळले, त्या पार्श्वभूमीवर तर हे उत्तर चार भिंतींबाहेर येणे मला अगत्याचे वाटते.

शेतातून आणलेल्या अळीचा पूर्वेतिहास आपल्याला ठाऊक नसतो, हे उत्तराचे पहिले कलम. तिच्या अंगात एखाद्या परोपजीवी माशीचे अंडे असेल, विषाणूची लागण झालेली असेल, कालच तिच्यावर कुठले तरी औषध पडलेले असेल. अशा अळीवर प्रयोग करायचा आणि ती मेली, तर ती कशाने मेली? उत्तर मिळत नाही. दुसरे, चाचणीला एकाच दिवशी अंड्यातून निघालेल्या, एका वयाच्या, एका वजनाच्या शेकडो अळ्या लागतात. त्या शेतात वेचून मिळत नाहीत. तिसरे, हरभरा रब्बीतच असतो, कपाशीचे बोंड ठरावीक महिन्यांतच मिळते. संशोधन मात्र बाराही महिने चालावे लागते.

मग रोजची भाजी आणून घालावी, असे कोणी म्हणेल. तेही आम्ही करून पाहिले. शेंदरी बोंडअळी, जिला आता सर्रास गुलाबी बोंडअळी म्हणतात, ती भेंडीवर जगते. भेंडी ही कपाशीचीच भावकी. एके दिवशी मामांनी, म्हणजे आमच्या प्रयोगशाळेतल्या परिचरांनी, मंडईतून छान कोवळी भेंडी आणली. धुऊन, पुसून, कापून अळ्यांना दिली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या खोलीत एक अळी जिवंत नव्हती. दोन पिढ्यांची मेहनत एका रात्रीत गेली. मामा खूप वेळ गप्प उभे होते. मग म्हणाले, ‘साहेब, हीच भेंडी मी अर्धा किलो घरी पण नेलीय.’ भाजीवरील औषधांच्या अवशेषांविषयी मी पुढे पुष्कळ वाचले, लिहिले. पण त्या वाक्याइतके नेमके दुसरे काही मला सापडलेले नाही.

कृत्रिम खाद्याची गरज ही अशी आहे. हे शास्त्र फार जुने नाही. १९६० साली टेक्सासमध्ये ॲडकिसन, व्हँडरझँट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गव्हाच्या दाण्यातल्या अंकुराचा आधार घेऊन शेंदरी बोंडअळीसाठी एक खाद्य तयार केले आणि पाने-बोंडांवाचून पतंगवर्गीय किडींच्या पिढ्या वाढवण्याचा मार्ग मोकळा झाला. आपल्याकडे घाटेअळीसाठी हरभऱ्याचे पीठ वापरण्याचा प्रघात पडला. अळीला हरभरा आवडतो आणि बेसन कुठल्याही वाण्याकडे मिळते, म्हणून हे सोयीचे.

कृती सांगितली तर गृहिणींना ती परकी वाटणार नाही. हरभऱ्याचे पीठ, यीस्ट, थोडे दुधातले प्रथिन म्हणजे केसीन, जीवनसत्त्वे, आणि हे सगळे घट्ट धरून ठेवायला आगर, म्हणजे घरोघरी खरवसासारख्या वड्या पाडायला वापरतात ते चायना ग्रास. यातली एकही वस्तू उगीच नसते. कोलेस्टेरॉल घालायचे, कारण ते आपल्या शरीरात तयार करण्याची किमया कीटकांना साधलेली नाही. क जीवनसत्त्व घालायचे, कारण हिरव्या पानातून मिळणारे ते पिठात नसते. पण ते मिश्रण निवत आल्यावरच घालायचे, नाही तर उष्णतेने नासते. पीठ मात्र आधी चांगले शिजवायचे, कारण कच्च्या कडधान्यात पचन रोखणारी प्रथिने असतात. शेवटी बुरशी आणि जिवाणू येऊ नयेत म्हणून परिरक्षके आणि प्रतिजैविक. हे सगळे करून तयार झालेल्या वड्या एकेका नळीत घालायच्या आणि प्रत्येक नळीत एकच अळी सोडायची. दोन सोडल्या तर उद्या एकच उरते. घाटेअळी थोडी मोठी झाली की आपल्याच भावंडाला खाते.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. कीटकशास्त्राच्या नियतकालिकांतून ‘अमुक किडीसाठी विविध खाद्यांचा तुलनात्मक अभ्यास’ अशा शीर्षकाचे निबंध वर्षानुवर्षे येत असतात. बाहेरच्या माणसाला ते वाचून हसू यावे असेच असतात. अळीला सोयाबीनचे पीठ मानवते की हरभऱ्याचे, आगराऐवजी टॅपिओका चालेल का, यीस्ट थोडे वाढवले तर कोषाचे वजन किती वाढते, असले प्रश्न. पदवीसाठी केलेले काम म्हणून विद्यापीठातलेच लोक त्यांच्याकडे नाक मुरडतात. माझे मत नेमके उलट आहे. किडींविषयी आपण जे काही ठामपणे बोलतो, त्याचा पाया या कंटाळवाण्या तुलनेत आहे. तो पाया कच्चा असेल तर वरचे सगळे मजले डळमळीत.

तुलना करतात ती अशी. एकाच मातेच्या अंड्यांतून निघालेल्या अळ्या वेगवेगळ्या खाद्यांवर वाटून ठेवायच्या. किती जगल्या, किती दिवसांत कोषात गेल्या, कोषाचे वजन किती, त्यातून धडधाकट पतंग किती निघाले, मादीने अंडी किती घातली आणि त्यातली किती उबली, हे मोजायचे. तेवढ्यावर थांबायचे नाही. एखादे खाद्य पहिल्या पिढीला मानवते, पण चौथ्या-पाचव्या पिढीत पंख वाकडे निघू लागतात, अंडी वांझ निघतात. उणीव साठत जाते आणि मग एकदम दिसते. म्हणून पिढ्यान् पिढ्या पाहावे लागते.

पण ‘सर्वांत चांगले खाद्य कोणते?’ हा प्रश्न असा सुटा विचारला तर त्याला उत्तर नाही. खरी गोम इथे आहे. अळी कशासाठी वाढवायची आहे, त्यावर उत्तर अवलंबून असते.

समजा, घाटेअळीचा विषाणू तयार करायचा आहे. एच.ए.एन.पी.व्ही. या नावाने हे जैविक कीटकनाशक शेतकऱ्यांना परिचित आहे. हा विषाणू यंत्रात बनत नाही, जिवंत अळीतच वाढतो. हरभऱ्यावर हेक्टरी २५० एल.ई. फवारा, अशी शिफारस असते. एल.ई. म्हणजे एका पूर्ण वाढलेल्या अळीतून मिळणाऱ्या विषाणूचे माप. इथे स्वस्त आणि भरपूर वजन देणारे खाद्य हवे, शिवाय त्यात फॉर्मेलिन नको, कारण ते विषाणूलाच मारते. अळ्या खुरटल्या, तर बाटलीवर २५० छापलेले असले तरी बाटलीत तेवढा विषाणू भरत नाही. शेतकरी फवारतो, अळी मरत नाही, आणि ‘जैविक बिविक काही खरे नाही’ असे म्हणून तो पुन्हा रासायनिक औषधाच्या दुकानाची पायरी चढतो. त्याचा अनुभव खोटा नसतो. फसगत झालेली असते ती कितीतरी आधी, अळीच्या पानात काय वाढले गेले तिथे.

ट्रायकोकार्डाचे तेच. उसावरील खोडकिडींसाठी आपल्या कित्येक साखर कारखान्यांनी ट्रायकोग्रामा वाढवण्याच्या प्रयोगशाळा काढल्या. ही इवलीशी गांधीलमाशी दुसऱ्या किडीच्या अंड्यात आपले अंडे घालते. तिच्यासाठी कॉर्सेरा नावाचा, साठवलेल्या धान्यातला पतंग ज्वारी-बाजरीच्या भरडीवर वाढवतात आणि त्याची सुमारे २० हजार अंडी एका कार्डावर चिकटवतात. भरड निकृष्ट असेल तर पतंग खुरटा, त्याचे अंडे लहान, त्यातून निघणारी गांधीलमाशी अशक्त. कार्डावरचे आकडे बरोबर भरतात. शेतात माशी उडत नाही.

तिसरा उपयोग सर्वांत महत्त्वाचा, आणि तिथेच आपल्या कापसाची गोष्ट येते. किडीत प्रतिकारशक्ती आली की नाही, हे ठरवायची चाचणी खाद्यावरच होते. बीटी कपाशीतले विषारी प्रथिन चढत्या मात्रेने खाद्यात मिसळायचे, नुकत्या जन्मलेल्या अळ्या त्यावर सोडायच्या आणि किती मेल्या ते मोजायचे. सोबत काही अळ्या निव्वळ खाद्यावर ठेवायच्या. त्यांतल्याही काही मरतातच. ते मरण वजा करण्याचे सूत्र ॲबट यांनी १९२५ साली दिले. ते आजही वापरले जाते. पण सूत्र मरण वजा करते, उपासमार वजा करत नाही. खाद्य निकृष्ट असेल तर निव्वळ खाद्यावरची अळी मरत नाही, पण अर्धपोटी राहते. अशी अशक्त अळी थोड्याशा विषानेही मरते, आणि आपण अहवालात लिहितो : कीड अजून बीटीला बळी पडते, काळजीचे कारण नाही. उलट, प्रयोगशाळेत पन्नास पिढ्या एकाच खाद्यावर पोसलेल्या अळीला ते खाद्य अंगवळणी पडलेले असते, तर शेतातून कालच आलेली अळी त्याला तोंडही लावत नाही. न खाल्ल्यामुळे तिच्या पोटात विषही जात नाही. ती भुकेने मेली तर विषाने मेली असे वाटते, जगली तर प्रतिकारक वाटते. दोन्ही बाजूंनी निष्कर्ष चुकतो.

हे केवळ तर्काचे नाही. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील संशोधकांनी घाटेअळीच्या आतड्यातल्या प्रथिने पचवणाऱ्या विकरांवर बरेच काम केले आहे. अळी ज्या पिकावर वाढते त्याप्रमाणे तिच्या पोटातली विकरे बदलतात, असे त्यातून दिसून आले. म्हणजे हरभऱ्यावरची अळी आणि कपाशीवरची अळी नावाने एक असली तरी पोटाने एक नसतात. बीटीचे प्रथिन तर आतड्यातच काम करते आणि तिथल्या विकरांनीच ते आधी कापले जावे लागते. तेव्हा खाद्य बदलले की चाचणीचे माप बदलू शकते, हे मान्य करावेच लागेल.

आता घटनाक्रम पाहा. शेंदरी बोंडअळीचे शास्त्रीय वर्णन प्रथम १८४३ साली झाले, ते गुजरातेतल्या भडोचच्या नमुन्यांवरून. भारतात बीटी कपाशीला परवानगी मिळाली मार्च २००२ मध्ये. २००६ मध्ये दोन जनुकांचे बोलगार्ड-२ आले. २००८ च्या हंगामात गुजरातमधील अमरेली, भावनगर, जुनागड, राजकोट या भागांतून गोळा केलेल्या अळ्या पहिल्या जनुकाला दाद देत नसल्याचे मार्च २०१० मध्ये खुद्द बियाणे कंपनीने जाहीर केले. भडोचपासून निघालेली गोष्ट पुन्हा गुजरातेतच आली. पुढे दुसऱ्या जनुकावरही अळी मात करू लागल्याचे दिसू लागले. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी दोन्ही जनुकांविरुद्धच्या प्रतिकाराची नोंद २०१८ साली आपल्या निबंधात सविस्तर मांडली. पण त्याआधीच, २०१७ च्या हंगामात, विदर्भ-मराठवाड्याची बोंडे पोखरली गेली होती. त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसच्या आसपास शेतकरी आणि शेतमजूर मरण पावले. २०२१ मध्ये हीच अळी पंजाबच्या माळवा पट्ट्यात थैमान घालून गेली.

हे सगळे अळीच्या खाद्यामुळे झाले, असा विपर्यास मी करणार नाही. बीटी नसलेल्या कपाशीच्या आश्रय-ओळी लावायच्या होत्या. पाकिटासोबत १२० ग्रॅम बियाणे त्यासाठीच दिले जात होते. ते फार थोड्यांनी पेरले. लांब मुदतीचे वाण मार्चपर्यंत शेतात उभे राहिले आणि अळीला बारमाही अन्नछत्र मिळाले. दोष पुष्कळांचा आहे. गुजरातेतल्या अळ्यांनी नळीत जे सांगितले होते ते बांधापर्यंत पोहोचले नाही, हेही खरे. माझे म्हणणे एवढेच, की प्रतिकाराची चाहूल देणारी यंत्रणा जितकी दाट, जितकी नियमित आणि एकमेकांशी ताडून पाहता येईल अशी हवी होती, तितकी ती नव्हती. एका प्रयोगशाळेचे खाद्य एक, दुसरीचे दुसरे. एकीची मूळ वसाहत पाच पिढ्यांची, दुसरीची पन्नास पिढ्यांची. मग दोन जिल्ह्यांच्या आकड्यांतला फरक अळीचा मानायचा की बेसनाचा?

हीच अळी दुसऱ्या एका देशात कशी हाताळली गेली, ते पाहण्यासारखे आहे. अमेरिकेतल्या ॲरिझोनात, फिनिक्स येथे, शेंदरी बोंडअळी अक्षरशः कारखान्यात वाढवली जात असे. खाद्य शिजवायला अन्नप्रक्रिया उद्योगातली यंत्रे होती. त्या खाद्यात एक लाल रंग मिसळत. अळीने तो खाल्ला की पुढे पतंगाच्या पोटातही तो उरतो. या पतंगांना किरणोत्साराने वांझ करून विमानांतून शेतांवर सोडले जाई. सापळ्यात पतंग सापडला की तो चिरडून पाहायचे : लाल निघाला तर आपला, नाही तर शत्रूचा. बीटी कपाशी, वांझ पतंग, गंधसापळे आणि पीक काढल्यावर शेत स्वच्छ करण्याची सक्ती यांच्या जोरावर ऑक्टोबर २०१८ मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्याने आपल्या कापूस पट्ट्यातून या अळीचे उच्चाटन झाल्याचे जाहीर केले. आपल्याकडे बोंडे पोखरली गेली त्याच्या पुढच्याच वर्षी. आपले शेत लहान, शेतकरी अगणित. तिथला कित्ता जसाच्या तसा गिरवता येणार नाही, हे मला मान्य आहे. पण अळीला काय खायला द्यायचे हा प्रश्न त्यांनी किरकोळ मानला नाही, एवढे तरी घेण्यासारखे आहे.

आपल्याकडे तो किरकोळ खर्चातच मोडतो. नवे उपकरण घ्यायला अनुदान मिळते, उद्घाटनाला फीत कापता येते. बेसन, यीस्ट आणि आगराच्या बिलाला फीत नसते. आगर हा त्यातला सर्वांत महाग घटक; त्याला टॅपिओका, ग्वार गम, इसबगोल असे पर्याय शोधणारे प्रयोग झाले आहेत ते याच निकडीपोटी. शिवाय अळ्या सांभाळणारा अनुभवी माणूस निवृत्त झाला की ती जागा रिकामी राहते. वीज चार तास जाते, खोली तापते, आणि कागदोपत्री मोठी असलेली वसाहत प्रत्यक्षात मूठभर राहते. २०१८ च्या मे महिन्यात कर्नाटकात अमेरिकन लष्करी अळी प्रथम आढळली आणि पाहता पाहता आपल्या मक्यावर आली, तेव्हा ज्यांच्याकडे अळी वाढवण्याची घडी बसलेली होती, त्यांनाच तिचा अभ्यास लगेच हाती घेता येणे शक्य होते. संकट आल्यावर चूल मांडून उपयोग नसतो.

तेव्हा करायचे काय? फार काही अचाट नाही. प्रतिकारशक्तीच्या प्रत्येक अहवालात खाद्य कोणते, त्यातील घटक कोणते, अळ्या कितव्या पिढीच्या, हे छापणे बंधनकारक करावे. राष्ट्रीय चाचणीसाठी प्रत्येक किडीचे एक प्रमाण खाद्य ठरवावे आणि सर्व केंद्रांनी एकाच मूळ वसाहतीवर ते वर्षातून एकदा ताडून पाहावे. वसाहतीत ठरावीक काळाने शेतातले ताजे रक्त मिसळावे. विषाणूच्या बाटल्या आणि ट्रायकोकार्डे यांची तपासणी बाजारात जाऊन, अचानक व्हावी. आणि अळी सांभाळणाऱ्या माणसाची जागा रिकामी ठेवू नये. यासाठी लागणारा पैसा एका हंगामातल्या वाया गेलेल्या फवारण्यांपुढे नगण्य ठरेल.

त्या शेतकऱ्याला मी त्या दिवशी अर्धेमुर्धेच उत्तर दिले होते. आज भेटला तर सांगेन : बाबा, तुझ्या रानातली पोतंभर अळी मला हवीच आहे, ती अवश्य पाठव. पण तिला काय झाले आहे हे ओळखायचे, तर तिच्या शेजारी ठेवायला एक निरोगी अळी लागते. ती पोटभर जेवलेली असली पाहिजे. तिचे पोट मारून वाचवलेले पैसे शेवटी तुझ्याच खिशातून जातात.